साडेसात लिटर आणि भांडंभर जेली

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अमेरिकेत आजवर जेवढ्या स्टेशन वॅगन तयार झाल्या, त्यात माझ्या गाडीला तोड नाही! १९७२चं मॉडेल, रंग काळा कुळकुळीत, आणि लांबी इतकी की नाक पोस्टापाशी पोहोचलं तरी शेपूट अजून गॅरेजातच. आणि इंजिन म्हणाल तर साडेसात लिटर, आठ सिलिंडर! आमच्या वॉलनट बेंडमध्ये, किंबहुना अख्ख्या आयोवात, असं इंजिन दुसऱ्या कोणाकडे असेल तर मी टोपी खाऊन दाखवीन.

हे सगळं माझी बायको लोर्ना सोळा वर्षं ऐकतेय. त्या दिवशी नाश्त्याला ती शांतपणे म्हणाली, "अहो, शनिवारच्या डर्बीत मी तुमच्या गाडीचं नाव दिलंय."

माझ्या हातातला टोस्ट अंड्यात पडला. डर्बी म्हणजे आमच्या जत्रेतला मुख्य खेळ. जुन्या गाड्या चिखलात सोडायच्या, एकमेकींवर आपटायच्या, आणि एकच चालती गाडी उरेपर्यंत लोकांनी टाळ्या पिटायच्या. माझ्या गाडीवर टाळ्या!

"लोर्ना, अगं ती घरातली आहे!"

"घरातली असती तर घरात मावली असती. हे बघा, एकच सवलत देते. बर्निस आत्याने मेळाव्याला जायला तुमची गाडी निवडली तर गाडी राहील. ऑर्व्हिलची निवडली, तर शनिवारी डर्बी."

बर्निस आत्या म्हणजे लोर्नाची आत्या. वय चौऱ्याऐंशी, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, जीभ मात्र ठणठणीत. सगळ्या भावंडांचा मेळावा होता मिनेसोटात, तीनशे मैलांवर, आणि डॉक्टरांनी तिला बजावलं होतं की लांबचा प्रवास आडवं पडूनच करायचा. म्हणजे मागची सीट पाडता येणारी वॅगनच हवी. आणि ऑर्व्हिल म्हणजे माझा सख्खा मेहुणा. त्याचीही वॅगन, साय रंगाची, दोन्ही कुशींना खोट्या लाकडाची पट्टी. सीट एवढ्या मऊ की बसलेला माणूस शोधावा लागतो. इंजिनाबद्दल मी काही बोलत नाही. गेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये.

"दाजी," ऑर्व्हिल म्हणाला, "आत्याला काय आभाळात उडायचंय? आराम हवाय तिला, आराम!"

"आणि बेकरच्या टेकडीवर तुझी गाडी बसली की धक्का कोण मारणार? आत्या?"

"भांडू नका रे, बैलांनो," आत्या म्हणाली. "मी पोटावर जेलीचं भांडं ठेवून झोपते. टेकडीपलीकडच्या दफनभूमीपर्यंत ड्वेनच्या गाडीत, परत येताना ऑर्व्हिलच्या. जेली ज्याच्या गाडीत हलणार नाही आणि टेकडीवर ज्याची गाडी धापा टाकणार नाही, त्याच्याबरोबर मी मेळाव्याला येणार."

झालं! मागची सीट पाडली, गादी घातली. आत्याला ऊन सोसत नाही म्हणून लोर्नाने कामाला जाण्याआधी खिडक्यांना पांढरे पडदे लावून दिले. आत्या पांढरी रजई ओढून उताणी झोपली. पोटावर किसलेलं गाजर घातलेली लिंबाची हिरवी जेली, तिच्याभोवती दोन्ही हात. "दफनभूमीत जातोच आहोत तर हॅरॉल्डला फुलं नेऊ," असं म्हणून तिने कै. नवऱ्यासाठी परसातल्या ग्लॅडिओलसचा भारा अंगावर ठेवून घेतला. चष्मा काढला, डोळे मिटले.

"आणि दोघंही हेडलाइट लावा," ती डोळे न उघडता म्हणाली. "तुमच्या नजरेचा मला भरवसा नाही."

आता तुम्ही सुज्ञ आहात. लांब काळी गाडी, पांढरे पडदे, आत आडवी म्हातारी, अंगावर फुलं, भर दुपारी हेडलाइट, आणि जेली हलू नये म्हणून वेग ताशी पंधरा मैल. तुमच्या जे लगेच लक्षात आलं, ते माझ्या आलं नाही. शपथ सांगतो, मी इंजिनाचा आवाज ऐकत होतो!

पहिला भेटला तो ट्रॅक्टर. समोरून येत होता, मला बघताच कडेला थांबला. म्हातारा शेतकरी खाली उतरला आणि त्याने टोपी छातीशी धरली.

मला भरून आलं! सोळा वर्षांनी एकाला तरी कळलं! मी खिडकीतून अंगठा उंचावला आणि ओरडलो, "साडेसात लिटर!"

त्याचा चेहरा विचित्र झाला. मला वाटलं, भारावला असेल.

पुढे तर कमालच. समोरून येणारी एकेक गाडी बाजूला थांबायला लागली. न्हाव्याच्या दुकानातून अर्धी दाढी झालेली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. मी हसून हात हलवत होतो, दोनदा तर हॉर्नही वाजवला. गावातल्या एकुलत्या एका सिग्नलला लाल दिवा लागला होता, तर आमच्या पोलिसाने, लेरॉयने, स्वतः रहदारी अडवली आणि मला सलाम ठोकून सोडलं!

"आत्या, बघतेस ना? अख्खं गाव उभं राहिलंय!"

उत्तर आलं नाही. आत्या घोरत नाही, एवढाच तिच्यात दोष. आरशात पाहिलं तर जेली स्थिर. ऑर्व्हिलच्या मागे मात्र आणखी एक गाडी. तिच्यामागे आणखी एक. सगळ्यांचे हेडलाइट चालू! वाटलं, शर्यतीची बातमी फुटली, निकाल बघायला लोक येताहेत. मोजल्या तर चौदा!

तेवढ्यात बेकरची टेकडी आली. इंजिन दाखवायचं ते इथेच, आणि तेही चौदा गाड्यांसमोर. मी पाय पूर्ण दाबला.

गाडी अशी उसळली म्हणता! पंधराचे सत्तर झाले. मागे ऑर्व्हिल पेटला, त्याने पाय दाबला. आणि अंत्ययात्रेत हेडलाइट लावायचे, मधे अंतर पडू द्यायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं, म्हणून मागच्या चौदांनीही दाबला. टेकडीवरून गाड्यांची रांग सत्तरच्या वेगाने दफनभूमीकडे सुसाट! कुंपणापाशी तण उपटणारे पाद्री हातमोज्यांसकट झुडपात गेले.

मी ब्रेक मारला. मागून "पच्च" असा आवाज आला.

मी ऐटीत खाली उतरलो. समोर चौदा गाड्यांतून माणसं उतरत होती, आणि सगळ्यांचे डोळे ओले. लोर्ना धावत आली. "अहो! माझी आत्या गेली आणि मला कोणी कळवलंही नाही? वाण्याच्या दुकानात कळलं मला! आणि तुम्ही हॉर्न वाजवत होतात?"

"कोण गेलं?"

"मयताच्या जेवणासाठी तीन घरी हॅम शिजायला ठेवलंय!" शेजारच्या ग्लॅडिसबाई हुंदका देत म्हणाल्या. "फार भली बाई होती हो. पावाला लोणी लावताना हात आखडायचा, पण मनाने भली!"

"ग्लॅडिस," गाडीतून आवाज आला, "लोण्याचं परत बोल बघू."

मागचं दार उघडलं आणि बर्निस आत्या उठून बसली. केसांतून हिरवी जेली ओघळत होती, कानावर गाजराचा कीस, हातात ग्लॅडिओलस. लेरॉय पोलीस जागच्या जागी खाली बसला. एवढ्या किंकाळ्या त्या दफनभूमीने कधी ऐकल्या नसतील.

ऑर्व्हिल मात्र अजून आला नव्हता. टेकडीच्या निम्म्यावर त्याची गाडी वाफ सोडत उभी होती आणि तो तिच्या आरामशीर सीटवरून तिला समजावत होता.

मी लगेच म्हणालो, "आत्या, निकाल लागला! ऑर्व्हिल टेकडीवरच बसला!"

"आणि तुझी जेली माझ्या कानात बसलीय," आत्या म्हणाली.

तेवढ्यात ती आली. कधी टेकडी चढली, कधी उतरली, कोणाला कळलंही नाही. अंत्यविधीवाल्या नूडसन यांची शववाहिका! नूडसन तांबड्या डोळ्यांनी उतरले.

"बर्निसबाई, पंधरा वर्षांपूर्वी तुम्ही मला शब्द दिला होता! आणि आज या... या ड्वेनकडून?"

"मी जिवंत आहे हो, नूडसन."

"असाल. पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही?" त्यांचा आवाज खरोखर कापत होता.

आत्याचं मात्र त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती शववाहिकेच्या आत बघत होती. "नूडसन, इंजिन कितीचं?"

"आठ पूर्णांक दोन लिटर."

मला खाली बसावंसं वाटलं. लेरॉयशेजारी जागा होती.

आत्या आत जाऊन पसरली. नूडसन तिला टेकडीवर नेऊन परत घेऊन आले. ग्लॅडिसबाईंनी गाडीतून काढून दिलेलं सूपचं पातेलं तिने पोटावर धरलं होतं. एक थेंब सांडला नाही.

"ठरलं," आत्या म्हणाली. "मी मेळाव्याला हिच्यातून जाणार. शिवाय मिनेसोटापर्यंत सगळे वाट देतील."

लोर्नाने माझ्याकडे पाहिलं. "शनिवारी, सकाळी दहा वाजता," ती म्हणाली. लाज सोडून सांगतो, मी गाडीच्या काळ्या टपावर हात फिरवला आणि डोळे पुसले.

ते नूडसन यांनी पाहिलं. ते जवळ आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हळूच विचारलं, "चौदा गाड्या आपणहून मागे आल्या?"

"चौदा."

"माझ्या मागे कधी नऊच्या वर येत नाहीत," ते म्हणाले. "लोर्नाबाई, ही गाडी मोडू नका. मला फुलांसाठी एक गाडी हवीच होती."

अशी माझी गाडी वाचली! आठवड्यातून दोनदा काळा कोट घालून मी फुलं घेऊन शववाहिकेच्या मागे जातो. अख्खं गाव उभं राहतं, टोप्या काढतं. साडेसात लिटर, आठ सिलिंडर, ताशी पंधरा मैल. आणि नूडसन यांची एकच अट आहे, ड्वेनने हसायचं नाही.