मंडळाचे सहा दैत्य

एखाद्या माणसाला एखादी गोष्ट उत्तम येत असेल, तर त्या गोष्टीचा निर्णय त्याच्या हाती देऊ नये, हे निरोगी समाजजीवनाचं पहिलं तत्त्व आहे. ज्याला येतं तो त्यात गुंतलेला असतो, आणि गुंतलेला माणूस निःपक्षपाती राहू शकत नाही. ज्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, त्यांचंच मन स्वच्छ असतं. हे तत्त्व देशात पुष्कळ ठिकाणी पाळलं जातं. पण नागाव आणि काशीद यांच्या मधल्या एका गावात (गावाचं नाव छापावं की नाही यावर अजून एकमत व्हायचं आहे) ते ज्या निष्ठेनं पाळलं गेलं, त्याची नोंद कुठेतरी राहायला हवी.

या गावात विनेश नावाचा वायरमन आहे. वय एक्केचाळीस. गावातल्या प्रत्येक वाडीतला पंप कधी ना कधी त्याच्या हाताखालून गेलेला आहे. तीन वर्षांपूर्वी तो खांबावरून पडला, पाय मोडला आणि तीन महिने प्लास्टरमध्ये पडून राहिला. कंटाळा घालवायला भाचीनं त्याच्या मोबाईलवर ‘दैत्यरण’ नावाचा खेळ घालून दिला. पाय जुळला, खेळ काही सुटला नाही.

खेळ समजायला सोपा आहे. प्रत्येकानं सहा दैत्य पाळायचे, वाढवायचे आणि समोरच्याच्या सहांशी एकेक करून लढवायचे. कोणी आगीचा असतो, कोणी पाण्याचा, कोणी विजेचा, कोणी मातीचा. प्रत्येकाला कोणाचं तरी भय असतं. आग पाण्यापुढे विझते, पाणी विजेपुढे तडफडतं, वगैरे. म्हणून सहा जण असे निवडायचे की एकाची उणीव दुसऱ्यानं भरून काढावी, आणि एखादा अडचणीत आलाच तर त्याला परत बोलावून दुसरा पुढे करावा. थोडक्यात, गावात जे कधीच होत नाही ते मोबाईलमध्ये करायचं.

विनेशचे सहाही दैत्य दिसायला यथातथाच होते. गुंगी नावाचं एक पाखरू होतं, ते समोरच्याला झोपवायचं. कालव नावाचं एक होतं, ते कवच मिटून तासन्‌तास मार खायचं. आणखी तीन अशीच कामाची होती. सहावा चिखल्या. शेतात म्हैस बसून उठल्यावर जे उरतं तसं त्याचं एकूण रूप होतं, पण त्याच्यावर पाणी ओतलं की तो आणखी फुगायचा आणि वीज टाकली तर गिळून बसायचा. विनेशनं त्याला अगदी बारका, ओंजळभर असल्यापासून वाढवलं होतं. त्याच्यावर त्याचा फार जीव होता.

अलिबागला ‘दैत्यरण’ची जिल्हा स्पर्धा जाहीर झाली. पहिला येणारा पुण्याला राज्य स्पर्धेला जाणार होता. विनेशला पुण्याला जायचं होतं, आणि या सहांना घेऊनच जायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काहीतरी जिंकावंसं वाटत होतं. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही, कारण एक्केचाळिसाव्या वर्षी असलं काही सांगण्याची गावात सोय नव्हती.

अर्जावर एक ओळ होती: ‘संस्थेचे नाव व शिक्का (असल्यास)’. विनेशनं कंसातल्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. ज्याचा जन्म मीटरच्या अर्जांत गेला, त्याला शिक्का नसलेला कागद उघडावाघडा वाटतो. तो अर्ज घेऊन ग्रामोत्कर्ष व क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे तात्यांकडे गेला. त्याच्या हातून झालेली चूक ती एवढीच.

तात्या हे एका कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले, नारळ-सुपारीच्या मोठ्या वाडीचे मालक. गेली बावीस वर्षं ते मंडळाचे बिनविरोध अध्यक्ष आहेत. या बावीस वर्षांत मंडळात एकदाही मतदान झालेलं नाही. (एकदा चहा की सरबत यावर हात वर करायची वेळ आली होती. तात्यांनी दोन्ही मागवलं.) त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

“म्हणजे गावाचा संघ जाणार तर,” ते म्हणाले.

“संघ म्हंजे तात्या, मीच हाय. नि माझे सहा दैत्य.”

“तुझे कसे? शिक्का मंडळाचा ना? मग दैत्यही मंडळाचे. सभा लावतो रविवारी.”

सभा रविवारी दुपारी चारला लागली आणि साडेपाचला सुरू झाली. उपस्थिती त्रेचाळीस. पैकी खेळ माहीत असलेले एक, नाव ऐकलेले तीन, आणि ही सभा पाणीयोजनेची आहे असं समजून आलेले एकोणीस. एकूण कामकाज तीन तास चाळीस मिनिटं चाललं. त्यातली दोन तास दहा मिनिटं पुढच्या खुर्च्यांवर कोणी बसावं या विषयाला गेली. उरलेल्या दीड तासात सहा दैत्य निवडले गेले. प्रत्येकी पंधरा मिनिटं. गावच्या रस्त्याची निविदा याच्यापेक्षा लवकर उरकली होती, यावरून विषयाकडे किती गांभीर्यानं पाहिलं गेलं हे ध्यानात येईल.

सहा हा आकडाच मुळी गावाला सोयीचा होता. गावात आळ्या पाच: वरची, मधली, खालची, देवळामागची आणि बंदराकडची. सहावी जागा मुंबईकर मंडळाला, म्हणजे ज्यांच्या वाड्या इथं आणि ते तिथं अशा, मे महिन्यात आंब्याबरोबर येणाऱ्या मंडळींना. होळीच्या पहिल्या लाकडाचा मान असाच ठरतो, पालखीचे खांदेकरी असेच ठरतात, मग दैत्य वेगळे कसे ठरणार? प्रत्येक आळीनं एक दैत्य द्यावा, असा ठराव झाला.

विनेशनं आपल्या सहांची यादी पुढे केली. तात्यांनी ती सगळ्यांना वाचून दाखवली. चिखल्याचं नाव येताच सभेत चुळबुळ झाली.

“हा कुठल्या आळीचा धरायचा?” बंदराकडच्या आळीचे दयाराम उभे राहिले. “आमची आळी खाली हाय म्हणून चिखल आमच्या वाट्याला घालताव काय?”

“तसं न्हाय दयारामभाऊ. तो कोनाचाच न्हाय. तो खेळाला लागतो.”

“कोणाचाच नाही तो गावाच्या संघात कसा?” तात्यांनी विचारलं. प्रश्न इतका बिनतोड होता की त्याला टाळी पडली.

मग वरच्या आळीनं मोबाईलवर चित्रं पाहून ‘अग्निराज’ निवडला. सात तोंडं, प्रत्येक तोंडातून जाळ, बॅनरवर उठून दिसेल असा. मधल्या आळीनं विचारलं की वरच्यांना आग, तर आम्ही काय घोडं मारलं आहे? त्यांनी ‘ज्वालामुख’ घेतला. खालच्या आळीनं ‘भडकासुर’. देवळामागच्या आळीनं थोडा विचार केला (चार मिनिटं) आणि ‘वणवेश्वर’ घेतला. बंदराकडच्या आळीला तात्यांनी मायेनं सुचवून पाहिलं की तुम्ही समुद्राकडची माणसं, तुम्ही पाण्याचा एखादा घ्या. दयाराम इतके संतापले की त्यांना पाणी द्यावं लागलं. ‘अंगारक’ त्यांच्या नावे लिहिला गेला. मुंबईकरांतर्फे सलिल नावाचे गृहस्थ व्हिडिओ कॉलवर होते. त्यांचा आवाज येत नव्हता, पण ते हातवारे जोरात करत होते, त्यावरून त्यांनाही आगच हवी आहे हे उघड झालं. त्यांना ‘धगधगेश’ देण्यात आला.

विनेश उभा राहिला.

“तात्या, सहाच्या सहा आगीचे घेतले तर समोरचा पान्यातला एक आनंल, नि समदे इझतील. एकच पुरं.”

“अरे विनेश, मग तूच सांग ना, कोणत्या आळीनं आग सोडायची? नाव घे. मी लिहून घेतो.”

विनेशनं सभेकडे पाहिलं. समोर पाच आळ्या बसल्या होत्या, आणि पाचही आळ्यांत त्याचे पंप होते. तो खाली बसला. त्याला वाईट वाटलं, आणि राग आला तो स्वतःचाच. एवढं तरी त्यानं मान्य करायला हवं होतं, की समतेचा इतका निर्दोष नमुना राज्यघटनेच्या बाहेर क्वचितच सापडतो.

पुढचे ठराव भराभर झाले. मैदानात पहिला कोण उतरणार हा मानाचा प्रश्न असल्यानं, पालखी ज्या क्रमानं फिरते त्या क्रमानं दैत्य उतरतील. एकदा उतरलेला दैत्य परत बोलावता येणार नाही, कारण तो त्या आळीचा अपमान होईल. चिखल्याच्या सेवेची दखल घेऊन त्याला ‘सन्माननीय राखीव’ हे पद देण्यात येत आहे. (खेळात राखीव नसतो, हे विनेशनं सांगितलं. म्हणूनच ते पद सन्माननीय ठरवण्यात आलं.)

पुढच्या तीन आठवड्यांत विनेशनं सहा नवे दैत्य मिळवले, वाढवले, त्यांना शिकवलं. पंप दुरुस्त करताना तो मोबाईल विहिरीच्या कठड्यावर ठेवायचा. जाता-येता लोक थांबून आपापल्या आळीच्या दैत्याची चौकशी करत, वजन विचारत. देवळामागच्या आळीतल्या एका बाईंनी तर वणवेश्वरासाठी घावणे पाठवले. चिखल्या आत मोबाईलमध्ये एका कोपऱ्यात बसून होता. विनेश त्याला दिवसातून एकदा उघडून पाहायचा आणि बंद करायचा.

स्पर्धेच्या दिवशी दोन टेम्पो भरून गाव अलिबागला गेलं. सभागृहाबाहेर बॅनर लागला. वर तात्या, खाली पाच आळ्यांचे पंच, गोलात सलिल, आणि सगळ्यांच्या मागून जाळ. दैत्य तळाला स्टॅम्पाएवढे होते. विनेशचं नाव ‘विद्युत सहाय्य’ या शीर्षकाखाली होतं.

पहिल्याच फेरीत समोर दिवेआगरच्या सुचित्राताई आल्या. पन्नाशीच्या, प्राथमिक शाळेतल्या बाई, मांडीवर पिशवी आणि पिशवीत पाण्याची बाटली. त्यांनी पडद्यावर विनेशचे सहा दैत्य पाहिले आणि चष्मा वर केला.

“भाऊ, हे मुद्दाम केलंत?”

“मंडळाचे हाईत ताई.”

“अगोबाई.” त्या खरोखर हळहळल्या. “मी आमच्या मंडळाला सांगितलंच नाही. भाचीकडे जाते म्हणून निघाले.”

त्यांनी ‘भरती’ नावाचा एक निळसर, गुबगुबीत दैत्य पुढे केला. चिखल्याच्या अंगावर ही भरती कितीही आली असती तरी तो नुसता फुगत गेला असता, हे विनेशला दिसत होतं. त्यानं पालखीच्या क्रमानं अग्निराज उतरवला. अग्निराज विझला. मग ज्वालामुख विझला. प्रत्येक वेळी त्या त्या आळीच्या लोकांनी ‘जय’ म्हटलं, कारण तेवढा त्यांचा नंबर लागलेला होता. धगधगेश उतरला तेव्हा सलिल व्हिडिओ कॉलवर होते, पण चित्र अडकलेलं होतं, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावरचा अभिमान शेवटपर्यंत टिकला. एकूण लढत दोन मिनिटं अकरा सेकंद. यात मध्येच तात्यांनी सुचित्राताईंना शाल-श्रीफळ दिलं ती चाळीस सेकंदं धरलेली आहेत.

विनेश खुर्चीवरून उठला, बाहेर गेला आणि टेम्पोच्या मागे उभा राहून रडला. सुचित्राताई पुढे सगळ्या फेऱ्या जिंकून पुण्याला गेल्या.

पराभवाची कारणं शोधण्यासाठी पुढच्या रविवारी सभा झाली. चौकशी सखोल होती. सहाही आळ्यांचे दैत्य उत्तम होते, यावर सर्वांचं एकमत झालं. (मुंबईकरही आता आळीतच मोजले जाऊ लागले होते.) क्रम पालखीचा होता, म्हणजे तिथं चूक संभवत नाही. उरला कोण? चालवणारा. एकाच माणसाच्या हातात सहा आळ्यांचे दैत्य देणं हीच मुळात एकाधिकारशाही झाली, असं दयाराम म्हणाले, आणि कोणालाच ते खोडून काढता आलं नाही.

तात्यांनी ठराव मांडला. पुढच्या वर्षी प्रत्येक आळीचा एकेक खेळाडू असेल आणि मोबाईल पालखीच्या क्रमानं हातोहात फिरेल. विनेशच्या अनुभवाचा गावाला लाभ व्हावा म्हणून त्याला मोबाईल चार्जिंग प्रमुख नेमण्यात येत आहे. आणि नव्या सहांच्या नव्या दैत्यांना जागा लागणार असल्यानं, मोबाईलमधले जुने, निकामी दैत्य त्यानं आजच पुसून टाकावेत.

विनेशनं मोबाईल काढला. चिखल्या उघडला. अंगठा पडद्यावर ठेवून त्यानं मान वर केली.

“कोणाची हरकत?” तात्यांनी विचारलं.

विनेशनं एकेका तोंडाकडे पाहिलं. पहिली रांग छताकडे बघत होती. दुसरी रांग चहाकडे. मग त्याची नजर तुमच्यावर आली आणि थांबली, कारण त्या सभागृहात हा खेळ नीट समजलेले त्याच्याखेरीज तुम्हीच एक होतात. चिखल्या काय कामाचा आहे हे तुम्हाला माहीत होतं. सहा आगी चालणार नाहीत हेही तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही हसत होतात. त्यानं बरीच वाट पाहिली.

“हरकत नाही,” तात्यांनी लिहिलं. विनेशनं अंगठा दाबला. ठराव एकमतानं मंजूर. उपस्थितांच्या यादीत शेवटची जागा तुमच्या नावासाठी ठेवली आहे. सही तेवढी करा, चहा येतोच आहे.