युद्धनौकेत टाकलेली दस्ती

"बोरीला जातो, मॉडेल शेततळ्यात सोडतो, तुम्हाला व्हिडिओवर दाखवतो आणि दिवस मावळायच्या आत परत निघतो. गावात कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही, मॅडम!"

असं उद्धवनं पुण्यात आपल्या वरिष्ठ राजेश्री मॅडमना छाती ठोकून सांगितलं, तेव्हाच खरं तर कुणीतरी त्याला खाली बसवून पाणी द्यायला हवं होतं. बोरीत पत्ता लागणार नाही! ज्या बोरीत एखाद्याच्या घरी कुकरची एक शिट्टी जास्त झाली तर 'पाव्हणे आलेत का?' म्हणून चौकशीला माणूस येतो, त्या बोरीत हा भला गृहस्थ बैलगाडीएवढी युद्धनौका घेऊन निघाला होता. शिक्षणानं माणूस आपलं गावसुद्धा विसरतो, दुसरं काय!

उद्धवचं काम तसं जगावेगळंच. पुण्याच्या 'सिंधुरेखा' कंपनीत तो नौदलासाठी पुढच्या काळातली जहाजं सुचवायचा. म्हणजे जी जहाजं अजून नाहीतच, ती! आज कल्पना करायची, मग वर्षानुवर्षं त्यावर बैठका घ्यायच्या, आणि सगळं जमलंच तर २०६० साली ते पाण्यात उतरायचं. उद्धवनं आजवर अशी कितीतरी जहाजं काढली आणि ती सगळी कंपनीच्या कपाटात बुडाली.

पण या खेपेची कल्पना त्याला फार जिवाभावाची होती. त्यानं जहाजाचा मधला भाग चक्क रिकामा ठेवला होता. त्याचं म्हणणं साधं होतं. २०६० सालची शस्त्रं, यंत्रं अजून कुणी शोधलेलीच नाहीत. ती निघतील तेव्हा ठेवायची कुठं? म्हणून त्यांच्यासाठी आजच जागा सोडायची आणि तिला कुणी हात लावायचा नाही. राजेश्री मॅडमना हे पटलं होतं, पण त्यांची एक अट होती. "पोट रिकामं ठेवल्यावर जहाज कलंडणार तर नाही? तेवढं सगळ्या विभागप्रमुखांना दाखवा. तरलं तर पुढं नेऊ. नाहीतर कपाट आहेच." चाचणीच्या मोठ्या हौदासाठी भली मोठी रांग होती, आणि बोरीत उद्धवच्या वडिलांचं, किशनरावांचं, मोसंबीच्या बागेला लागून, तळाला प्लास्टिकची पन्नी अंथरलेलं आणि काठोकाठ भरलेलं शेततळं होतं. मॉडेल कच्चंच होतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. मॅडमनी परवानगी दिली.

परभणीहून टेम्पोत मॉडेल घेऊन उद्धव शेतात पोचला, तर तळ्याच्या बांधावर निम्मं गाव हजर! बायकांनी तर सतरंज्या अंथरल्या होत्या.

"दादा, हे काय? कुणाला सांगू नका म्हणलं होतं ना!" उद्धव वडिलांवर चिडला.

"म्या कुठं सांगितलं?" किशनराव म्हणाले. "फकत घरच्याच माणसायला सांगितलं."

बोरीत किशनरावांच्या घरचं नसलेलं माणूस शोधायला गेलं तर शेजारच्या तालुक्यात जावं लागतं. उद्धवनं कपाळावर हात मारला आणि मुकाट्यानं मॉडेल उतरवलं.

गर्दीतून आबासाहेब पुढं आले. आबासाहेब म्हणजे माजी सरपंच, वय ऐंशीच्या घरात, आवाज अजून पंचविशीतला. त्यांनी जहाजाला एक चक्कर मारली, काठीनं ठोकून बघितलं आणि मधल्या पोकळीत वाकून पाहिलं.

"उद्धवा, ह्याच्यात काय हाय?"

"काही नाही, आबासाहेब. मोकळीच ठेवलीय जागा."

"मोकळी? कोणासाठी?"

"ते अजून ठरलं नाही."

झालं! हे वाक्य उद्धवच्या तोंडून जायला नको होतं. परभणी-जिंतूर रस्त्यावर ज्यानं जन्म काढलाय त्याला कायदा माहीत असतो. एसटी स्टँडात शिरली की ती थांबायच्या आधी खिडकीतून दस्ती, म्हणजे खांद्यावरचा रुमाल, आत गेली पाहिजे. ज्याची दस्ती त्याची जागा. हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही, पण तो मोडल्याचं कुणी ऐकलेलं नाही. आणि इथं तर समोर अख्खी मोकळी जागा, वर कुणाची ते ठरलेलंही नाही! आबासाहेबांचा हात आपोआप खांद्याकडं गेला. त्यांनी दस्ती काढली, झटकली आणि युद्धनौकेच्या पोटात नीट पसरून ठेवली.

"आबासाहेब, काय करायलाव? हे नौदलाचं जहाज आहे!"

"असू दे की! आमी काय आजच बसायलोत का?"

"अहो, हे २०६० साली निघणार! तोवर तुमी..."

"मी नसंल. नातू तर असंल? जागा धरून ठेवायला काय पैशे पडतेत का?"

एवढं बघितल्यावर बाकीचे थोडेच थांबणार? चारी बाजूंनी दस्त्या, टॉवेल, टोप्या, पिशव्या पडायला लागल्या. कुणी चप्पल ठेवली, कुणी भोपळा ठेवला. शिवकन्याबाईंकडं ठेवायला काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी काखेतलं शेळीचं करडूच आत सोडलं. उद्धव एक पिशवी काढायचा, तोवर मागं दोन पडायच्या. तेवढ्यात त्याची सख्खी आत्या, दगडाबाई, लोणच्याची बरणी घेऊन आली.

"आत्या, निदान तू तरी! युद्धनौका आहे ही!"

"म्हंजे लांबचाच परवास. लोणचं लागंलच."

उद्धव अगदी रडकुंडीला आला आणि त्याच क्षणी त्याला महारुद्र दिसला. महारुद्र त्याचा चुलतभाऊ, जिंतूर आगाराचा कंडक्टर! त्या दिवशी त्याची सुट्टी होती. भरल्या गाडीतून भांडणारी माणसं निव्वळ शिट्टीवर उतरवणारा माणूस, आणि तो घरचाच! उद्धवला देव भेटल्यासारखं वाटलं.

"भाऊ, तूच वाचव! खाली कर हे सगळं!"

महारुद्रनं जहाजात डोकावून बघितलं. त्याचा चेहरा बदलला. सुट्टी कुठल्या कुठं गेली.

"एवढी मोकळी गाडी आन् समदे दारातच कामून?" तो कडाडला. "पुढं सरका! मधी लय जागा हाय! बाईमाणसाचं सामान डाव्या अंगाला घ्या! ही चप्पल कोणाची हाय? उचला, ही स्वातंत्र्यसैनिकाची शीट हाय!"

बघता बघता आणखी दहा जणांचं सामान मावलं. उद्धव पिशव्या काढायचं सोडून बांधावर जाऊन बसला.

अकरा वाजले आणि व्हिडिओसाठी उद्धवनं किशनरावांच्या हातात दिलेला फोन वाजला. पडद्यावर पुण्याची खोली, राजेश्री मॅडम आणि टेबलाभोवती सगळे विभागप्रमुख. "उद्धव, सुरू करा," मॅडम म्हणाल्या.

हे ऐकलं मात्र, आबासाहेबांनी जहाजाच्या नाकावर नारळ फोडला आणि वीस हातांनी जहाज पाण्यात ढकललं! उद्धव "थांबा, थांबा!" म्हणेपर्यंत २०६० सालची युद्धनौका लोणचं, भोपळा आणि करडू घेऊन तळ्याच्या मध्यावर गेली.

पुण्याच्या खोलीतली सगळी डोकी पडद्याकडं झुकली.

"उद्धव, जहाजात ते काय हललं?"

"करडू, मॅडम."

"हे कुठलं तंत्रज्ञान?"

"शेळीचं, मॅडम." मग त्यानं सगळं कबूल करून टाकलं. "लोकांनी मोकळ्या जागेत आपापली जागा धरलीय. माझं कुणी ऐकंना."

आता आपलं जहाज कपाटात जाणार, हे उद्धवनं मनाशी धरलं. पण पुण्यात भलतंच घडलं. शस्त्र विभागाचे प्रमुख सिद्धोधन सर ताडकन उभे राहिले. "जागा धरली? कुणी धरली? ती तर आमच्या तोफेसाठी आहे! मी मार्चमध्येच ईमेल केलाय!"

"तोफेसाठी?" ड्रोन विभागाच्या अर्पिता मॅडम उसळल्या. "नकाशावर आम्ही हिरवा रंग देऊन ठेवलाय, तो दिसला नाही?"

"रडारचं काय मग?"

"स्वयंपाकघर अजून मोठं करायचंय, ते कुणी विचारतच नाही!"

ज्या जागेला हात लावायचा नाही म्हणून त्यानं वर्षभर सगळ्यांना विनवलं होतं, ती आधीच चार वेळा वाटली गेली होती! त्याला काही बोलायचं होतं, पण आबासाहेबांनी किशनरावांच्या हातातला फोन हिसकावला.

"ओ साहेब! ईमेल गेला उडत! आमची दस्ती आधीची हाय!"

"आजोबा, हे संरक्षणाचं काम आहे!"

"मंग तुमी कामून भांडायलाव?"

भांडण पेटलं! इकडून बोरी, तिकडून पुणे, मधे फोन. शेवटी महारुद्रनं फोन घेतला आणि खिशातली शिट्टी फुंकली. पुण्याची खोली जागच्या जागी बसली.

"एक मिनिट! कंडक्टर बोलायलोय. तोफवाले साहेब, तुमची वस्तू शीटवर हाय का?"

"नाही, पण ईमेल..."

"ईमेल म्हंजे स्टँडात उभं राहून 'माझी जागा हाय' म्हणून वरडल्यावानी. ते चालत न्हाई. वस्तू पाहिजे. विषय खतम!"

"पण कंडक्टरसाहेब..." सिद्धोधन सर काकुळतीला आले. एवढ्यात अर्पिता मॅडमनी गळ्यातली ओढणी काढून टेबलावरच्या नकाशावर अंथरली. ते बघून सिद्धोधन सरांनी कोट काढला. रडारवाल्यांनी चष्म्याचं घर ठेवलं. स्वयंपाकघरवाल्यांनी डबा!

आणि नेमकं तेव्हाच तळ्यात करडानं उडी मारली.

जहाज एका बाजूला झुकलं. आणखी झुकलं. कठडा पाण्याला टेकला, भोपळा गडगडला. गेलं! वर्षभराचं काम गेलं! पण जहाज क्षणभर तसंच राहिलं, मग डुलत डुलत वर आलं आणि सरळ उभं राहिलं. लोणच्याची बरणीसुद्धा जागची हलली नव्हती.

"बघा! बघा!" उद्धव आनंदानं नाचायला लागला. "उभं राहिलं! मॅडम, उभं राहिलं!"

कुणीही बघत नव्हतं. पुण्यात नकाशाची ओढाताण चालली होती, इथं महारुद्र रडार विभागाला दम भरत होता. आणि किशनराव पोहत काठाला येणाऱ्या करडाकडं बघून ओरडत होते, "पन्नी! त्याच्या खुरानं पन्नी फाटली तर तळं रिकामं होईल रे!"

उद्धव पुण्याला परतला तो तोंड लपवतच. आठवड्यानं राजेश्री मॅडमनी त्याला बोलावलं.

"मी रेकॉर्डिंग बघितलं. त्यात कंडक्टरच्या मागं तळं दिसतंय. करडासकट तरलं म्हणजे कशानंही तरेल. तुमचं जहाज मंजूर!"

उद्धवच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि मोकळी जागा?"

मॅडमनी नजर चुकवली. "ती वाटली. तोफ, ड्रोन, रडार, स्वयंपाकघर. मधे बोटभर उरली नाही."

"मॅडम, अहो तीच तर माझी कल्पना होती! मग २०६० साली जे निघेल, ते कुठं ठेवायचं?"

"एक जागा आहे. अगदी मागं, जहाज ढकलणाऱ्या पंख्यांच्या वर. फार हादरे बसतात म्हणून कुणीच घेतली नाही."

उद्धवनं तीच पदरात पाडून घेतली. छोटी का होईना, मोकळी होती! फक्त बोरीकरांचा हिरमोड केला, ही टोचणी त्याला राहिली. म्हणून त्यानं आबासाहेबांना फोन लावून विचारलं, "शेवटाला थोडी जागा उरलीय. नातवासाठी धरून ठेवू का?"

"मागचं शीट?" आबासाहेब किंचाळले. "नको रे बाबा! खड्डा आला की डोस्कं टपाला लागतंय!"

तेव्हा जहाजातली मोकळी जागा शेवटी वाचली ती अशी. आता २०६० साली जगाला थक्क करणारा जो काही शोध लागेल, त्यानं बिचाऱ्यानं दांडी घट्ट धरून मागं बसावं, म्हणजे झालं.