शेपटीकडून स्वच्छ गाडी

तर बाळांनो, एका जंगलात सिंहमहाराजांनी हायड्रोजनवर चालणारी गाडी घेतली. तेवढ्या किमतीत दुसरं तळं खोदून झालं असतं. पण तळ्यात बसून मिरवता येत नाही.

त्या जंगलाची एक रीत होती. गाडीचा धूर तपासायचा तो शेपटीकडून, हुंगून. प्रधान कोल्होबा गाडीमागे वाकले. त्यांचं नाक ओलं झालं.

“महाराज, नुसती वाफ!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

डोंगरापलीकडे राहणाऱ्या भिकोबा अस्वलाला त्या ऐकू आल्या नाहीत. तो खोकत होता. गाडीचा हायड्रोजन त्याच्या दारात बनायचा. तरसं कोळसा जाळून वीज काढायची, त्या विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा करायची. तो गाडीत गेला, की त्याची पुन्हा वीज व्हायची. या फेऱ्यात निम्म्याहून जास्त वीज वायाच जायची. धूर मात्र अख्खा भिकोबाकडे राहायचा. त्याच्या मधमाश्या पोळं सोडायच्या बेतात होत्या. मध गेला तर खायचं काय?

भिकोबा तसा बुजरा. तरी धीर करून दरबारात गेला.

“महाराज, तीच वीज सरळ गाडीत भरली तर? कोळसा कमी जळेल. माश्या राहतील.”

“वेडा रे वेडा!” कोल्होबा हसले. “सरळ भरायची, तर मग त्यात शोध कसला?”

सिंह मनाने दयाळू होता. म्हणाला, “जा, त्याच्या दारात पाहणी करून या.”

पाहणीला अर्थातच गाडी निघाली. वाटेत डोंगर, म्हणून हायड्रोजन जास्त लागला. म्हणून कोळसाही जास्त जळला. कोल्होबा उतरले आणि शेपटीमागे वाकले.

“वाफच आहे की!”

“प्रधानजी, जरा वर बघा ना. आभाळाकडे.”

“आभाळाला शेपटी कुठे असते रे?”

भिकोबाने पुन्हा तक्रार केली. पुन्हा पाहणी आली. तक्रारी वाढल्या तशा पाहण्या वाढल्या, आणि पाहण्यांबरोबर धूर. अर्ध्या माश्या गेल्या, तेव्हा कुठे भिकोबाच्या डोक्यात प्रकाश पडला. उरलेल्या वाचवायच्या म्हणून त्याने तोंड मिटलं.

पाहण्या थांबल्या. गाडी बहुतेक वेळ उभीच राहू लागली. धूर खरोखरच ओसरला.

“महाराज,” कोल्होबांनी भर दरबारात सांगितलं, “आपल्या गाडीमुळे पलीकडची हवासुद्धा सुधारली. एकही तक्रार नाही!”

महाराज इतके खूश झाले, की त्यांनी प्रत्येक मंत्र्याला तशीच एकेक गाडी देऊन टाकली. उरलेल्या माश्यांनी त्याच आठवड्यात जंगल सोडलं.

तात्पर्य : धूर गाडीने होत नाही, तक्रारीने होतो. म्हणून शहाण्याने गप्प बसावं, आणि घर डोंगराच्या अलीकडे घ्यावं.