ढोबळे मॅडमचा रोजचा आकडा

लाईट गेली की आमच्या गल्लीतले लोक इन्व्हर्टरकडे बघतात. लाईट परत आली की मात्र सगळे ढोबळे मॅडमच्या गॅलरीकडे बघतात. दोनेक मिनिटांत मॅडम बाहेर येतात, कठड्याला धरून खाली वाकतात आणि अख्खा वर्ग गप्प करणाऱ्या आवाजात ओरडतात, "प्रमिला वं! सतरा!"

खालच्या मजल्यावरून उत्तर येतं, "सतरा. बरं."

संपलं. महाल भागात नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं, या दोघी वर-खाली बसून हौजी खेळतात. पण हौजीत दिवसाला एकच आकडा कोण काढतं? कुतूहलानं मला झोप येईना. माझं सदर भागात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मॅडम एकदा तिथं माऊस घ्यायला आल्या, तेव्हा विचारूनच टाकलं.

"माझ्या कॉम्प्युटरचा पत्ता आहे गा तो," त्या म्हणाल्या. "घरातल्या घरातला. लाईट गेली की ते राउटर सगळं विसरते अन् आल्यावर नवाच वाटते."

खरं होतं. घरातल्या प्रत्येक मशीनला राउटर एक पत्ता देतं. त्यातले पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे, गल्लीच्या नावासारखे. शेवटचा आकडा म्हणजे घर नंबर, आणि बदलतो तो तेवढाच. पण तो गल्लीला ओरडून सांगायचं कारण काय?

कारण खालच्या प्रमिलाबाई. या मॅडमच्या धाकट्या जाऊ. वडाभातावर फोडणीचं तेल किती ओतायचं यावरून दोघींचं फार पूर्वी बिनसलं आणि चुली वेगळ्या झाल्या. दोघींचे यजमान गेले, मुलं पुण्या-बंगलोरला गेली, पण अबोला जागचा हलला नाही. त्या वाटण्यांत प्रमिलाबाईंचा कॅसेटींचा डबा चुकून वरच राहिला होता. त्यांच्या भंडाऱ्याकडच्या माहेरची, दंडारीची म्हणजे तिकडच्या लोकनाट्याची गाणी होती त्यात. डबा परत द्यायचा तर खाली जावं लागणार. ठेवून घ्यावा तर चोरी. गणित शिकवण्यात जन्म गेलेल्या मॅडमनी यावर तोड काढली. एकेक कॅसेट वाजवून सगळी गाणी कॉम्प्युटरवर चढवली आणि शेजारच्या पोराकरवी निरोप धाडला, की वरचं वायफाय खाली पोचतंच, मी ओरडेन तो आकडा आपल्या टॅबमध्ये टाकायचा आणि ऐकायचं.

"म्हणजे तुम्ही बोलता तर एकमेकींशी," मी म्हटलं.

"नंबर सांगणं म्हणजे बोलणं नाही," मॅडम म्हणाल्या.

हा पत्ता शोधायला त्यांनी स्वतः प्रोग्रॅम लिहिला होता, निवृत्तीनंतर, हिंदी व्हिडिओ बघून. मी म्हटलं, एक हुकूम टाईप केला तरी पत्ता दिसतो. त्यावर म्हणाल्या, "ते पानभर बडबडते. मले शेवटचा एक आकडा पाहिजे." मग मला समोर बसवून समजावलं, "आधी मी त्याले सरळ विचारलं, तुझा पत्ता काय. तर म्हणते, एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक. म्हणजे 'मी माझ्या घरीच आहो'! वर्गातल्या पोरानं असं उत्तर दिलं असतं तं बेंचावर उभं केलं असतं."

"मग?"

"मग म्हटलं, चाल, बाहेरगावी, म्हणजे इंटरनेटवर, निघ. खरंच जायचं नाही, काही न्यायचं नाही, नुसतं निघायचं. कोणत्या दारानं निघून राहिला ते दिसलं की झाला पत्ता. मग म्हणायचं, जा, बस घरात."

मी चाट पडलो. दुकानात मी हेच करतो, पण असं कधी कोणाला सांगता आलं नव्हतं. तरी धंद्याची खोड जाईना. मी म्हटलं, "मॅडम, राउटरमध्ये हा आकडा कायमचा पक्का करून देतो. दोन मिनिटांचं काम."

"नको."

"काहून?"

"मग माझा प्रोग्रॅम कायच्या कामाचा?"

मला ते पटलं. उन्हाळ्यात मात्र त्यांचं राउटर जळालं. नवं बसवताना हाताच्या सवयीनं मी आकडा पक्का करून टाकला, पन्नास. जाता जाता खाली प्रमिलाबाईंच्या टॅबमध्येही घालून दिला आणि वर येऊन ऐटीत सांगितलं, "आता ओरडायची कटकट गेली."

"बरं केलं," मॅडम म्हणाल्या. चहात साखर नव्हती.

त्यानंतर लाईट जायची, यायची, गॅलरी रिकामी राहायची. खालून दंडारीची गाणी लगेच सुरू व्हायची. गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं, मलाही. एक दिवस प्रमिलाबाईंनी मला फाटकाशी थांबवलं.

"सुधीरभाऊ, वरच्या बाईची तब्येत बरी आहे ना? आवाज नाही आला."

"आता गरज नाही ना मावशी. नंबर पक्का केला. गाणी लागत नाहीत का?"

"गाणे तं लागून राहिले. मी बाईचं विचारून राहिली."

मला माझ्याच हुशारीचा राग आला. तसाच वर गेलो आणि म्हटलं, "मॅडम, नंबर पुन्हा मोकळा सोडू का?"

"कायले? नंबरनं तुझं काय बिघडवलं?" त्या म्हणाल्या. पण दार लावता लावता थांबल्या. "खालून काही म्हणत होती का ते?"

"तुमचा आवाज नाही आला, म्हणत होत्या. तब्येत विचारत होत्या."

मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला. बराच वेळ पुसला.

त्या संध्याकाळी लाईट गेली आणि आली. सवयीनं सगळ्यांच्या माना वर गेल्या. मॅडम गॅलरीत होत्या.

"प्रमिला वं! पन्नास!"

खाली गाणं आधीच लागलं होतं. ते बंद झालं.

"किती म्हणता बाई?"

"पन्नास!"

"ऐकू नाही आलं. परत सांगा!"

"पन्नास वं, पन्नास!" मॅडम कठड्यावरून आणखी खाली वाकल्या. "जेवली का?"

"नाही अजून. तुम्ही?"

तेव्हापासून लाईट जावो न जावो, आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी पन्नास पुकारला जातो.