विचारलं तरच बोल

माणसं सांभाळणं म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असं श्रद्धाचं स्वतःबद्दल ठाम मत होतं! परभणीतल्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ती टीमची प्रमुख. रुसके, भांडखोर, कामचुकार, सगळे तिनं सरळ केले होते. तिथं केयूरचं काय! त्या पोरानं तर रुजू झाल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, की मला ऑटिझम आहे, आडून बोललेलं कळत नाही, तेव्हा जे असेल ते सरळ सांगत जा. सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या आणि चहा यायच्या आत विसरूनही गेले.

कंपनीनं कापसावरचा रोग ओळखणारं ॲप केलं होतं. पानाचा फोटो काढला की ते रोग सांगायचं. झरीच्या शेतकरी गटाला ते दाखवायला मालक श्रीराम सर, श्रद्धा आणि केयूर गाडीनं निघाले. वाटेत श्रद्धानं केयूरला बजावलं, की तिथं मी बोलेन. तुला कुणी विचारलं तरच बोल, आणि तेही थोडक्यात.

देवळाच्या सभामंडपात श्रद्धा अशी काही रंगली, की कीर्तनकारानं टाळ खाली ठेवावेत. आमचं ॲप चुकतच नाही, म्हणाली. गटाचे म्हातारे अध्यक्ष अप्पाराव सगळं ऐकून घेत होते. मग कोपऱ्यातल्या केयूरकडे वळून त्यांनी विचारलं, "काय ओ, खरंच चुकत न्हाई का हे?"

"चुकतं," केयूर म्हणाला. "काहीही लाल दाखवलं तरी लाल्या रोगच सांगतं."

विचारलं होतं. थोडक्यात सांगितलं होतं.

मग काय! अप्पारावांनी खांद्यावरचं लाल उपरणं पुढं केलं. लाल्या! कुणी गेरू फासलेल्या खांबाचा फोटो काढला. लाल्या! शेवटी सरपंचांनी पान खाऊन रंगलेली जीभ बाहेर काढली, तर ॲपनं तिलाही लाल्या ठरवून वर फवारणीचं औषध सुचवलं. माणसं हसून लोळायला लागली. काम मात्र हातचं गेलं.

परतताना श्रीराम सर खिडकीबाहेर बघत बसले. श्रद्धा दातओठ खात केयूरला म्हणाली, "लय छान केलंस. आता घरी बसून आराम कर."

केयूर "बरं" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्यानंतरही नाही. फोन बंद. ऑफिसात आधी तो रुसल्याची बातमी फुटली, मग त्याला पुण्यात नोकरी लागल्याची, आणि पुढं तर त्यानं वकील लावल्याची. श्रीराम सरांना घाम फुटला, कारण ती लाल्याची भानगड त्याच्याशिवाय कुणाला निस्तरता येईना. शेवटी पेढ्यांचा पुडा घेऊन सर आणि श्रद्धा त्याच्या घरी गेले.

दार त्याच्या आईनं, लीलाबाईंनी उघडलं. केयूर फार चिडलाय का, असं श्रद्धानं चाचरत विचारलं.

"चिडंल कशाला? आराम करायलाय. तुम्हीच सांगितलं म्हणे. मी म्हटलं, अरे, टोमणा असंल तो. तर म्हणतो, तसं असतं तर त्यांनी तसं सांगितलं असतं."

हातातला पुडा कुठं ठेवावा, ते श्रद्धाला कळेना. केयूर विस्कटल्या केसांनी बाहेर आला. मी रागात बोलले, चुकले, उद्यापासून ये, असं ती म्हणाली. तो बरं म्हणाला. तिचा जीव एवढा भांड्यात पडला, की आणखी काही खटकत असेल तर तेही सरळ सांग, असं बोलून बसली.

"दुपारी तुम्ही सगळे गच्चीवर डबा खाता," केयूर म्हणाला. "मी येऊ का, असं विचारलं होतं. सर म्हणाले, बघू. तेव्हापासून मी वाट बघायलोय."

श्रीराम सर आपले मोजे निरखू लागले. श्रद्धाला आठवलं, ते दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत झालं होतं. आता बाजारात कैऱ्या आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः त्याला गच्चीवर घेऊन गेली. एरवी तिथं नुसता कल्ला असायचा. सरांच्या नकला, एकमेकांच्या चहाड्या. त्या दिवशी कुणी तोंड उघडेना. हा ऐकलेलं जसंच्या तसं खाली जाऊन सांगेल, या धास्तीनं सगळे सुतकात बसल्यासारखे मान खाली घालून भाकरी चावत राहिले. ऊन फार आहे, असं श्रद्धानं म्हणून पाहिलं. केयूर हो म्हणाला. विषय संपला.

त्यानं डबा संपवला, झाकण लावलं आणि उठता उठता तिला म्हणाला, "मला वाटायचं, इथं तुम्ही गप्पा मारता."

तो खाली गेला. जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली, तशी वर हळूहळू कुजबुज सुरू झाली. थोड्या वेळानं श्रद्धाही बोलायला लागली.