भिरूड सरांची निरोगी टाकी

भिरूड सर आमच्याकडे आले की चपला काढण्याआधी फ्रिज उघडत. 'या, बसा' म्हणायला ते सवडच देत नसत. फ्रिज उघडायचा, श्रीखंडाच्या डब्यामागची काचेची बाटली काढायची, उजेडात धरायची आणि मग विचारायचं, "बरे आहात ना?" हे मला विचारलं की बाटलीला, ते मला कधीच कळलं नाही. बाटलीत माशांची यकृतं असत. आमच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. जळगावात आम्ही एकाच कॉलेजात होतो. मी कॉमर्स शिकवायचो, ते प्राणिशास्त्र. घरंही शेजारी शेजारी, व्हरांडा सामाईक. कॉलेजचा फ्रिज कायमचा बंद, कॉलनीत फ्रिज फक्त आमच्याकडे, आणि सरांना पीएच.डी. करायची होती. मग आणखी काय होणार?

सर मूळचे सावद्याचे, घरी केळीची बाग. बागेत फवारलेलं मोरचूद पावसाबरोबर नाल्यात जातं आणि त्यातल्या तांब्यानं माशांचं काय होतं, हा त्यांचा विषय. तो त्यांनी मला इतक्या वेळा समजावला, की परीक्षेला बसलो असतो तर पास झालो असतो. तांबं कल्ल्यांतून आत शिरलं, की ज्या प्राणवायूवर मासा जगतो तोच त्याच्यावर उलटतो. शरीर आधी झुंजतं, मग थकतं, आणि यकृतातली चरबी जुन्या तेलासारखी खवट व्हायला लागते. मासा मात्र वरून मजेत पोहताना दिसतो. सर हा खवटपणा मोजत.

या विद्येचा त्रास माशांइतकाच आम्हालाही झाला. प्राचार्यांनी गोड बोलून जादा तास गळ्यात मारले, की सर माझ्या कानाशी म्हणत, "वरून ठणठणीत, आतून खवट." पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा आतून खवट. माझा मेव्हणासुद्धा आतून खवट, आणि हे त्याच्याच साखरपुड्यात. धुळ्याला त्यांच्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर पोह्यांतला शेंगदाणा चावून मुलीच्या वडिलांना म्हणाले, "ऑक्सिडेशन सुरू झालंय." परतीच्या एस.टी.त मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. त्यांना ते समजलंही नसावं. ते खिडकीतून पांझरा नदीचं पाणी बघत होते.

चाळिशी आली, लग्न राहिलं, पीएच.डी. राहिली. शेवटी मार्गदर्शकांनी निर्वाणीचं कळवलं, की उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आत निष्कर्ष द्या, नाहीतर नोंदणी रद्द. सरांनी व्हरांड्यात दोन टाक्या मांडल्या. दोन्हींत बोटभर लांबीचे रोहू. एकीत मोजून मोरचूद, दुसरीत निव्वळ स्वच्छ पाणी. ही दुसरी निरोगी टाकी. तिच्याशी तुलना केली तरच पहिलीला अर्थ. निरोगी टाकीवर त्यांची सगळी पदवी तरंगत होती म्हणा ना.

जळगावचा उन्हाळा. टाक्यांतलं पाणी भराभर आटे. सर कॉलेजात असताना निरोगी टाकीत भर घालायचं काम माझ्या आईनं, आक्कानं, आपणहून घेतलं. "ड्रममधलंच घाला," असं सरांनी बजावलं होतं. आक्का एरंडोलकडची. वडील गेल्यापासून ती घरात फारशी बोलत नसे. पण व्हरांड्यात खुर्ची टाकून माशांशी तासन् तास बोलायची.

महिनाभरानं सरांनी दोन्ही टाक्यांतले काही मासे तपासले. खवटपणा दोन्हींकडे जवळपास सारखा. सरांनी रसायनं बदलली, पुन्हा मोजलं, तेच. माझ्या श्रीखंडाच्या डब्याकडेही संशयानं बघून झालं. मग एका सकाळी त्यांचा तास रद्द झाला आणि ते लवकर परतले. मी घरीच होतो. आक्का निरोगी टाकीत पाणी ओतत होती. चिंचेनं लखलखीत घासलेल्या तांब्याच्या हंड्यातलं, आदल्या दिवशीपासून भरून ठेवलेलं.

सर दारातच थबकले. आक्का हसून म्हणाली, "ते ड्रमनं पानी माले नही आवडनं, भाऊ. हाई तांबानं शे. माणसले चांगलं, मंग त्यास्ले बी चांगलंच ना."

सर हंड्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चांगलंच आहे, आक्का."

त्या आठवड्यात निरोगी टाकीतले उरलेले मासेही मेले. नव्यानं सुरू करायला वेळ उरला नव्हता. मी सरांना व्हरांड्याच्या कोपऱ्यात गाठून झापलं. निदान आक्काला सांगा, मार्गदर्शकांना खरं कारण कळवा, मुदत मिळेल. गप्प राहून काय मिळवणार? सर टाकी धूत होते. फडका पिळत म्हणाले, "माझी आई गेल्यापासून या घरात कोणी 'जेवलात का' म्हणून विचारलं नव्हतं. आक्का रोज माशांना विचारायच्या. मी आत बसून ऐकायचो. कधी कधी मनात 'हो' म्हणायचो." नोंदणी रद्द झाली.

पण त्यांनी आक्काला सांगून ठेवलं होतं, की मासे मोठे झाले म्हणून पद्मालयाच्या तळ्यात सोडले. आक्कानं हट्टच धरला, त्यास्ले भेटाले चला. एका रविवारी आम्ही तिघं गेलो. उकाडा, एस.टी.ची गर्दी, आणि माझं डोकं फिरलेलं. आक्कानं घरून कणीक मळून आणली होती. तिनं काठावर बसून गोळ्या टाकल्या, तसे लहानमोठे मासे तोंडं वर काढून गर्दी करू लागले.

"वळखतीन का रे भाऊ, त्या माले?" तिनं विचारलं.

मोजल्याशिवाय अवाक्षर न काढणारा हा माणूस पाण्यावर वाकला आणि त्यानं एक मासा बोटानं दाखवला. "तो काय, आक्का. तुमचा आवाज ऐकून वर आला."

आक्का त्या माशाशी बोलायला लागली. जेवला का, एवढा वाळला कसा, सगळं विचारलं. सर तिच्या शेजारी मांडी घालून बसले होते आणि प्रत्येक प्रश्नाला हळूच 'हो' म्हणत होते. मला दोघांचाही भयंकर राग आला होता, आणि डोळ्यांपुढचं काही नीट दिसत नव्हतं. मी आक्काच्या डब्यातली कणीक घेतली आणि गोळ्या वळायला बसलो.