राजकन्या झग्यात शिरली कशी?

२०२३ साल, आणि मी एकाहत्तर वर्षांचा. त्या वयात बदलापूरच्या थिएटरातून हाकलले जायची पाळी माझ्यावर आली, ती आमच्या समोर राहणाऱ्या कुंदावहिनींमुळे.

पडद्यावर राजपुत्र शेवटच्या घटका मोजत होता. राजकन्या त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडत होती. अख्खं थिएटर हुंदके देत होतं. तेवढ्यात वहिनी खुर्चीतून उठून ओरडल्या, "मास्तर, दिसली! झग्याची चेन दिसली! डाव्या काखेखाली!"

मागून कोणी तरी म्हणालं, "ओ आंटी, बैठो ना!"

"तू बस. मी कामावर आहे."

खरंच कामावर होत्या. आमच्या हेंद्रेपाड्यात त्या शाळेच्या फॅन्सी ड्रेसचे कपडे भाड्याने देतात. भाजीवाली, सैनिक, वाघ, सगळं स्वतः शिवतात. पण जीव परीकथेतल्या राजकन्यांवर. त्याही खरी माणसं घेऊन काढलेल्या सिनेमातल्या. कार्टून त्यांना चालत नाही. "चित्रातल्या पोरीला काय, चित्रकाराने झग्यात बसवली. ही हाडामांसाची आहे. एवढ्याशा कमरेतून आत शिरली कशी, सांगा!"

मी चौथी शिकलोय, पण उल्हासनगरात चाळीस वर्षं जीन्सचं कटिंग केलंय. कपड्यातलं मला कोणी शिकवायचं नाही. मी म्हटलं, "चेन नाही, हुक आहेत. राजघराण्यात चेन नसते."

"तुम्ही कधी गेला होतात राजघराण्यात?"

"तुम्ही गेला होतात?"

हा वाद मिटवायला तोच सिनेमा आम्ही तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा पुढच्या रांगेतली पोरंही चेन शोधायला लागली. राजवाड्यात नाच सुरू झाला की सगळ्यांच्या माना वाकड्या. "आजी, वळली, वळली!" "कुठं? कुठं?" राक्षस मेला, तो कोणाला कळलाच नाही. दारावरच्या माणसाने हात जोडले, "आजी, बाकीच्यांना पिक्चर बघू द्या."

"बघू दे की! नीट बघायला मीच शिकवतेय त्यांना."

वाद काही मिटला नाही, पण त्या सिनेमावरून वहिनींनी निळा झगा शिवला. त्याचं साटीन मी स्वतः निवडलं होतं. एक आई हाच झगा हवा म्हणून दारात हटून बसली. वहिनींनी तिला परी दाखवली, वाघ दाखवला, झगा दिला नाही.

"वहिनी, धंदा करता की प्रदर्शन?"

त्यांनी कपाट उघडलं. आत आणखी तीन झगे. दर सिनेमाचा एक, आणि दरवेळी मागच्यापेक्षा थोडा मोठा. पुण्याच्या नातीसाठी. मुलगा-सून भांडून गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती. आता सात. रविवारी पहिल्यांदाच येणार होती, तीही एका दिवसापुरती.

"माप अंदाजानेच घेतलंय," त्या म्हणाल्या. "झालाच नाही तर? 'मी केवढी झाले तेही आजीला माहीत नाही,' एवढंच मनात घेऊन जाईल पोरगी."

"मग सुनेला विचारा."

"मी? आधी तिने फोन करावा."

हट्टीपणात बाई माझ्या वरचढ.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाही न घेता मी त्यांच्या मुलाच्या नंबरावर फोन लावला. उचलला सुनेने.

"बाळ, मी समोरचा मास्तर. पोरीची छाती, कंबर आणि खांद्यापासून पायापर्यंत उंची सांग. कशाला ते विचारू नकोस."

ती म्हणाली, "थांबा काका. झोपलीय अजून. उठवते."

मी कानावरची पेन्सिल काढली.